दोन लोखंडांमधलं रबर

पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ साली मर्सिडिजची जोडणी सुरू झाली. तिथून जी गाडी बाहेर पडू लागली, ती जर्मनीत १९८४च्या अखेरीसच आलेली होती. कंपनीच्या कागदोपत्री तिचं नाव डब्ल्यू१२४. तिकडे तिची जागा घेणारं मॉडेल तयार होतं, इकडे तिचा संसार आत्ता कुठे सुरू होत होता. पेट्रोलवर चालणारी ई२२० आणि पाच सिलिंडरांची डिझेल ई२५०, अशा दोन रूपांत ती आपल्या रस्त्यांवर आली. जगभरात या मालिकेच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि ही गोष्ट या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आज या गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात आहेत. नव्या मालकाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "इंजिन एक नंबर आहे हो, पण खालून खडखडते." मग कोणीतरी शॉकअप बदलायला सांगतो. चार शॉकअपचे पैसे जातात, गाडी थोडी कमी उसळते, पण खडखड तशीच. त्यानंतर टायर बदलले जातात, अलाइनमेंट होते, बॅलन्सिंग होतं. तरी एक्स्प्रेसवेवर शेजारून ट्रक गेला की गाडी जागच्या जागी डोलल्यासारखी वाटते आणि स्टेअरिंगला सतत बारीक बारीक दुरुस्ती करत राहावं लागतं. इथवर आलेला माणूस बहुधा "आता वय झालं हिचं" म्हणून गाडी विकायला काढतो. वय गाडीचं झालेलं नसतं. ते झालेलं असतं तिच्या खालच्या बाजूला, चिखलात आणि धुळीत बसलेल्या रबराच्या लहान-मोठ्या तुकड्यांचं. त्यांना गॅरेजमध्ये बुश म्हणतात.

बुशची रचना अगदी साधी. आत एक जाड लोखंडी नळी, बाहेर तिच्याहून मोठी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळली जाते. बाहेरची नळी चाक धरणाऱ्या दांड्याच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते. चाक वर-खाली झालं की दांडा बोल्टाभोवती थोडा फिरतो, पण नळ्या एकमेकींवर घसरत नाहीत. रबर दोन्हींना कायमचं चिकटलेलं असतं, त्यामुळे दांडा फिरला की रबर पिळलं जातं आणि दांडा जागेवर आला की पीळ सुटतो. घासणारं काहीच नाही, म्हणून तेल नाही, ग्रीस नाही. हा पीळ लक्षात ठेवा. बुश बदलण्याचं काम साधतं किंवा फसतं ते त्याच्यावर.

ज्यांनी फियाट किंवा अँबॅसेडर वापरली आहे त्यांना ग्रीसिंग आठवत असेल. ठरावीक किलोमीटर झाले की गाडी रॅम्पवर चढायची आणि हाताखालचा पोऱ्या ग्रीसगन घेऊन एकामागून एक निपल भरत जायचा. जुनं काळं ग्रीस बाहेर, नवं आत. ज्या सांध्यात धातूवर धातू फिरतो तिथे दुसरा इलाज नव्हता. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ केलं होतं, पण ते यंत्राच्या सांध्यात शिरायला पुढे बराच काळ जावा लागला. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये 'सायलेंटब्लॉक' या नावाने दोन नळ्यांच्या मध्ये रबर ताणून, कोंबून बसवलेला सांधा विकला जाऊ लागला. त्यात रबर चिकटवलेलं नव्हतं, नुसत्या दाबाने धरलेलं होतं. धातूला रबर पक्कं जोडण्याचं रसायन नंतर हाती आलं. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लिमथ गाडीचं इंजिनच रबरावर बसवण्यात आलं आणि चार सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर गाडीत पोचेनाशी झाली. सगळेच मात्र या वाटेने गेले नाहीत. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोमध्ये सुरुवातीला सबफ्रेम, म्हणजे सस्पेन्शन धरणारी खालची चौकट, बॉडीला जोडताना रबराऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारांचे दाबलेले गठ्ठे वापरले होते. कल्पना डौलदार होती. जग मात्र रबराच्या मागे गेलं.

याचं कारण रबराच्या एका विचित्र स्वभावात आहे. रबराचा ठोकळा चहूबाजूंनी बंद करून दाबायला गेलात तर तो जवळजवळ दगडासारखा वागतो, त्याचं आकारमान कमी होतच नाही. पण त्याला एका बाजूने फुगायला मोकळी जागा द्या, की तोच ठोकळा निमूटपणे आकार बदलतो. या दोन वागण्यांमधला फरक हजारपटीहून जास्त आहे. बुश घडवणारा इंजिनिअर याचाच फायदा घेतो. बुशच्या रबरात काही ठिकाणी मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्या कुठल्या दिशेला आहेत यावर बुश कुठल्या बाजूला मऊ आणि कुठल्या बाजूला कडक हे ठरतं. खड्ड्याच्या कडेवर टायर आपटला की चाकाला क्षणभर काही मिलिमीटर मागे जाता आलं पाहिजे, तरच तो धक्का आतल्या माणसाच्या पाठीपर्यंत येत नाही. पण वळणावर तेच चाक बाजूला एक मिलिमीटरही सरकता कामा नये. एकाच रबराकडून या दोन्ही गोष्टी करून घ्यायच्या, यात आलिशान गाडीचं निम्मं कसब आहे. लाकूड आणि कातडं नंतर येतं.

डब्ल्यू१२४च्या मागच्या बाजूला तर हे कसब टोकाला नेलेलं आहे. १९८२च्या अखेरीस आलेल्या धाकट्या मर्सिडिज १९०मध्ये प्रथम वापरलेली ही रचना. मागचं प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं. एक चाकाचा उभा कल सांभाळतो, एक मागे ओढलं जाण्याला विरोध करतो, एक पुढे ढकललं जाण्याला, एक चाकाची दिशा धरून ठेवतो, आणि खालचा जाडजूड दांडा स्प्रिंगचं वजन घेतो. दोन्ही बाजूंचे मिळून दहा दांडे, वीस टोकं, आणि त्यातली बहुतेक टोकं रबरी. जुन्या पद्धतीच्या मागच्या ॲक्सलमध्ये वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की मागची चाकं किंचित बाहेर वळायची आणि गाडीची शेपूट निसटायची. पाच दांड्यांच्या जाळ्यात अडकलेलं चाक तसं वळू शकत नाही. अट एकच: पाचही दांड्यांची लांबी जी ठरली आहे तीच राहिली पाहिजे. बुश ढिला पडणं म्हणजे दांड्याची लांबी दर क्षणाला बदलत राहणं. मग मागचं चाक स्वतःच्या मर्जीने दिशा बदलायला लागतं. गाडी मागून डोलते ती यामुळे, आणि ट्रक शेजारून गेला की वाऱ्याच्या झोताने बावचळते तीही यामुळेच.

मेकॅनिक लोकांच्या तोंडी याची एक नेमकी तक्रार असते: "गाडी टायर खाते." टायरची आतली कड झिजून तारा दिसायला लागतात आणि बाहेरची अर्धी नक्षी अजून कोरी. अशा टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा बोचतो. हा टायर रस्त्यावर सरळ न फिरता सतत थोडा आडवा घसटत चाललेला असतो. अलाइनमेंटच्या यंत्रावर उभी असताना हीच गाडी निर्दोष दिसू शकते, कारण उभ्या गाडीत बुशवर चालत्या गाडीतला ताण नसतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी अलाइनमेंट करून घेणाऱ्या मालकाला त्या पैशांत बुश आले असते.

कुठला बुश गेला हे थोडंफार आवाजावरून ओळखता येतं. हळू चालवताना ब्रेक मारला की एकदाच 'टक', रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकदाच 'टक', तर पुढच्या खालच्या आर्मच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशवर संशय घ्यावा. स्पीडब्रेकरवरून तिरकं उतरताना बारीक खटखट येत असेल तर बहुधा स्टॅबिलायझर बारची रबरं, ती स्वस्त आणि सोपी. त्याच काळातल्या बीएमडब्ल्यू पाच मालिकेची खोड वेगळी. तिच्या पुढच्या वरच्या आर्मचे बुश गेले की ताशी ऐंशी-नव्वदच्या आसपास, विशेषतः ब्रेक मारताना, स्टेअरिंग थरथरायला लागतं, आणि लोक बिचाऱ्या ब्रेक डिस्क बदलत बसतात.

कान फसवू शकतात, टॉमी म्हणजे लोखंडी पहार फसवत नाही. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घ्यायची, दांडा आणि सांगाडा यांच्या फटीत टॉमीचं टोक घालायचं आणि हळूहळू जोर द्यायचा. चांगला बुश थोडा सरकतो आणि जोर काढला की लगेच परत येतो. गेलेला बुश सरकतो, आतली नळी रबरातून सुटलेली दिसते आणि मध्ये काळी फट उघडते. इथे एक सावधगिरी. गाडी जॅकवर असेल आणि चाकं लोंबत असतील, तर चांगल्या बुशच्या रबरावरही पिळामुळे बारीक भेगा उघडलेल्या दिसतात. त्या दाखवून "सगळे गेले साहेब" म्हणणारे महाभाग आहेत. भेग कडेच्या ओठापुरती आहे की नळीभोवती फिरून आत गेली आहे, हे बॅटरी मारून बघावं. आपण स्वतः बघावं, आणि चाकं जमिनीवर असताना बघावं.

रबर मरतं कसं, हेही थोडं समजून घेण्यासारखं आहे. बुशसाठी आजही बहुतेक नैसर्गिक रबरच वापरतात, केरळात किंवा अलीकडे आपल्या दोडामार्गाच्या बाजूला झाडांना चिरा पाडून मिळतं तेच. ताणल्यावर त्याचे रेणू ओळीने लागून घट्ट होतात, त्यामुळे लहानशी चीर पटकन पुढे सरकत नाही. लाखो वेळा पिळलं जाण्याच्या कामाला हा गुण लागतो. पण त्याला दोन शत्रू आहेत. एक हवेतला ओझोन. तो ताणलेल्या रबराचे रेणू तोडतो, आणि भेगा नेहमी ताणाच्या आडव्या पडतात. दुसरं खनिज तेल. पॉवर स्टेअरिंगचा पाइप किंवा इंजिनाचं सील थेंब थेंब गळत असेल तर खालचा बुश फुगतो, मऊ पडतो आणि चिखलासारखा होतो. असा तेलाने खाल्लेला बुश बदलून गळती तशीच ठेवली तर नवाही त्याच वाटेने जातो. आणि गाडी उभी ठेवल्याने बुश वाचतात हा समज चुकीचा आहे. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत वजनाखाली राहिलेलं रबर तोच आकार धरतं आणि वाळत जातं. कमी चाललेली जुनी गाडी घेतली की खालचं रबर बदलायचं आहे असं आधीच धरून चालावं.

आता खरेदी. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला चक्कर मारली तर एकाच बुशच्या तीन-चार किमती ऐकायला मिळतात. लेमफोर्डर हे नाव बघून घ्यावं, जर्मन गाड्यांचे सस्पेन्शनचे भाग मुळात पुरवणाऱ्यांपैकी ती एक कंपनी. फेबीसारखी नावंही चालतात. मात्र खोक्यावर विश्वास ठेवू नये, बुश हातात घ्यावा. रबराची कड स्वच्छ आहे का, अंगठ्याने दाबल्यावर लवचीक लागतं का, नळीला गंज आहे का. दहा वर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेला अस्सल माल नव्या नकली मालाइतकाच निरुपयोगी. मागचे वरचे बारीक दांडे बुशसकट अख्खेच मिळतात आणि ते तसेच घ्यावेत. त्यातला बुश वेगळा काढून बसवण्याची मजुरी आणि मनस्ताप दांड्याच्या किमतीला पुरून उरतो. एका बाजूचा बदलायचा झाला तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा. डावं-उजवं वेगळं वागलं की गाडी एका बाजूला ओढते.

दुकानात कोणी पिवळे किंवा लाल पॉलियुरेथेनचे बुश दाखवील. "आयुष्यभर बघायला नको" असं सांगून. शर्यतीच्या गाडीला ते जरूर लावावेत. रबर पिळलं जातं, पॉलियुरेथेन नळीवर घसरतं, त्यामुळे त्याला ग्रीस लागतं, आणि ते वाळलं की बुश कुरकुरतो. त्याहून मोठा तोटा म्हणजे ज्या पोकळ्यांनी चाकाला मागे जायला जागा दिलेली असते, त्या त्यात बहुधा नसतात. रस्त्याचा प्रत्येक दगड मग सीटपर्यंत कळतो. आलिशान गाडी घेऊन तिला तीनचाकी टेम्पोसारखं चालवायचं असेल तर माझी ना नाही.

कामाला हात घालताना पुढच्या बाजूला पहिली गाठ पडते ती स्प्रिंगशी. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपवर नसते, ती वेगळी, थेट खालच्या आर्मवर बसलेली असते. गाडीचं वजन सुमारे १४०० किलो, त्यातलं साडेतीनशेच्या आसपास एका पुढच्या चाकावर. स्प्रिंग चाकापेक्षा आत बसलेली असल्यामुळे तरफेच्या नियमाने तिच्यावरचा जोर त्याहूनही जास्त. आर्मचा बोल्ट काढला आणि स्प्रिंग धरलेली नसेल, तर ती सुटताना हात, जबडा, जे मध्ये येईल ते मोडते. तिच्यासाठी आतून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दोन हुकांचा बाहेरून लावायचा स्वस्त कॉम्प्रेसर इथे चालत नाही. जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये, घोड्या म्हणजे लोखंडी टेकू लावावेत. हे काम ज्याने आधी केलेलं आहे त्याच्याकडूनच करून घ्यावं, आपण शेजारी उभं राहून बघावं, असं माझं मत आहे.

आर्मचे आतले बोल्ट काढण्याआधी एक मिनिट थांबून त्यांच्या डोक्याशी नीट बघायचं. ते साधे नाहीत, उत्केंद्री वॉशरचे आहेत. बोल्ट फिरवला की आर्मचा सांधा थोडा आत-बाहेर सरकतो आणि चाकाचा कल बदलतो. जुनी जागा खडूने नको, छिन्नीच्या बारीक खुणेने नोंदवावी. खडू डिझेलने धुताना जातो. अंतिम अलाइनमेंट यंत्रावर होणारच आहे, पण तिथपर्यंत गाडी सरळ जायला हवी.

बुश काढण्यात सगळ्यात हट्टी निघतो तो मागच्या चाकाच्या वाहकातला खालचा. बाहेरची पत्र्याची नळी वर्षानुवर्षांच्या गंजाने ओतीव लोखंडाशी एकजीव झालेली असते, आणि वाहक गाडीवरून उतरवून प्रेसवर न्यायचा तर बेअरिंगपासून सगळं खोलावं लागतं. कंपनीने त्यासाठी स्क्रूचं खास अवजार केलं आहे. आपल्याकडचे कारागीर तेच काम जाड आटे पाडलेला बोल्ट, एका बाजूला मोठी गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला नेमक्या मापाची नळी आणि मध्ये चांगले जाड वॉशर अशा सरंजामावर करतात. नट आवळत न्यायचा. काही वेळ काहीच होत नाही. मग बंदुकीसारखा आवाज होतो आणि नवशिका दचकतो. तो गंज सुटल्याचा आवाज, बुश निघायला लागल्याची पावती. तेवढ्यानेही हलला नाही तर आतलं रबर कोरून काढायचं, हॅकसॉचं पातं भोकातून ओवून पुन्हा चौकटीला जोडायचं आणि आतून बाहेरच्या नळीला एक उभा काप द्यायचा. काप पूर्ण व्हायला आला की कानाला फरक कळतो: पत्र्याचा चिरका आवाज जाऊन ओतीव लोखंडाचा जाड आवाज येतो. तिथे थांबायचं. मग छिन्नीने नळीची कड आत वाकवली की ती गुंडाळी होऊन निघून येते. गॅसच्या ज्योतीने रबर जाळून काढणं झटपट होतं, पण शेजारी बेअरिंगचं ग्रीस आणि एबीएसची वायर आहे, आणि तो धूर फुप्फुसांना विष आहे.

नवा बुश बसवताना ज्याला बाहेरून रबर आहे त्याला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावावं, ग्रीस आणि इंजिन ऑइल कधीही नाही. ज्याला बाहेरून धातूची नळी आहे त्याची जागा काचकागदाने घासून साफ करावी आणि दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यावा असं बघावं. आतल्या नळीवर दाब दिला तर रबर पहिल्याच दिवशी फाटतं, आणि ते वरून दिसतही नाही. ज्यात पोकळ्या आहेत अशा बुशवर खूण असते, जुना काढताना ती कुठल्या दिशेला होती याचा मोबाइलवर फोटो घेतलेला बरा. नव्वद अंशांनी चुकून बसलेला बुश म्हणजे जिथे कडक हवा तिथे मऊ.

आणि आता शेवटचं आवळणं. इथे बहुतेक गॅरेजात काम बिघडतं, आणि तेही मेहनती, प्रामाणिक माणसांच्या हातून. सगळं जोडून झालेलं असतं, गाडी घोड्यांवर असते, चाकं लोंबत असतात, आणि कारागीर खाली पडल्या पडल्या सगळे बोल्ट कचकचून आवळून टाकतो. बोल्ट आवळला त्या क्षणी आतली नळी सांगाड्याला कायमची धरली जाते. म्हणजे त्या वेळी दांडा ज्या कोनात आहे तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. समजा लोंबत असताना दांडा नेहमीच्या जागेपासून पंधरा अंश खाली आहे. गाडी जमिनीवर उतरवली की रबर पंधरा अंश पिळलं गेलं. आता गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच राहणार, रात्रभर, महिनोन् महिने. त्यावर एखाद्या खड्ड्यात दांडा आणखी दहा अंश वर गेला की एकूण पंचवीस. योग्य जागी आवळलेल्या बुशला त्याच खड्ड्यात फक्त दहा अंशांचा पीळ बसला असता. चुकीचा आवळलेला बुश काही महिन्यांत फाटतो, आणि दोष मालाला दिला जातो. त्याआधीही एक खूण दिसते: काम झाल्यावर गाडी थोडी उंच उभी राहते, कारण पिळलेले बुश स्वतःच स्प्रिंगचं काम करून तिला वर ढकलत असतात. मालक खूश होतो, गाडी उठली म्हणून.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ घेतो. लोंबत्या चाकांवर बोल्ट नुसते हाताने टेकवायचे. मग चाकं लावून गाडी खाली घ्यायची, चारी चाकं जमिनीवर, आणि खड्ड्यातून बोल्ट आवळायचे. आवळण्याआधी गाडीचा कोपरा दोन-तीनदा दाबून सोडायचा, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं. खड्डा नसेल तर चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. तेही नसेल तर दांड्याच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावून इतकं उचलायचं की गाडी घोडीवरून सुटू-सुटू होईल. हा शेवटचा उपाय कामचलाऊ, पण लोंबत्या चाकापेक्षा शंभरपट बरा. स्वतःहून घट्ट राहणारे नट एकदा काढले की नवे घालावेत, आणि आवळताना टॉर्क रेंच वापरावा. पुढच्या बाजूची चूक कधीकधी आपोआप सुधारते, कारण अलाइनमेंट करणारा उत्केंद्री बोल्ट सैल करतो तेव्हा गाडी चाकांवर उभी असते. मागच्या बाजूला ती सोय फक्त दिशा धरणाऱ्या दांड्याला आहे. बाकीचे दांडे चुकले ते चुकले. म्हणून आपल्यासमोर एकच गोष्ट घडताना बघायची असेल तर ती ही.

अलाइनमेंट त्यानंतर. मर्सिडिजच्या मूळ पद्धतीत पुढच्या चाकांची दिशा मोजताना त्यांच्या मध्ये एक दांडी लावून चाकं ठरावीक जोराने बाहेर दाबली जातात. चालत्या गाडीत रस्ता चाकांना मागे ओढतो आणि बुश तेवढे दबतात, ती स्थिती उभ्या गाडीत आणण्याची ही युक्ती. कंपनीने बुशचा मऊपणा गृहीत धरून हिशेब मांडला आहे. ही दांडी आपल्याकडे क्वचित दिसते. ती नसेल तर निदान सगळे बुश नवे असावेत, आणि नवे बुश बसायला काही शे किलोमीटर दिल्यावर दिशा पुन्हा एकदा तपासून घ्यावी.

राहिले ते मागच्या सबफ्रेमचे चार मोठे रबरी माउंट आणि डिफरन्शियलचे. ते सहसा सगळ्यांत शेवटी जातात आणि त्यांचं काम मोठं: सबफ्रेम उतरवावी लागते, हँडब्रेकच्या केबल आणि शाफ्ट सोडावा लागतो. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना मागून धप्प असा जड आवाज येत असेल तर थांबू नये. नसेल तर दांड्यांचे बुश आधी करून घ्यावेत, गाडी चालवून बघावी, आणि मगच ठरवावं. सबफ्रेम उतरवलीच तर तिच्या वरून जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप कापडाने पुसून, बॅटरी मारून बघावेत. एरवी ते कोणाला दिसत नाहीत, आणि गंजतात तिथेच.